निळ्या बोटीवरचं तांबडं मशीन

सोमवारी निळेवाले येणार होते, आणि त्यांच्या बोटीवर तांबडेवाल्यांचं मशीन बसवलेलं होतं. शुक्रवारी दुपारी देऊलकर सरांचा फोन आला तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते.

"इंदूताई, मिशन सोमवारी येतंय. साडेदहाला धक्क्यावर. बोटीवर ते दुसरं मशीन दिसता कामा नये."

"सर, ते काढलं तर बोट चालणार कशी?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. करा काहीतरी. तुम्ही करता नेहमी."

खरं सांगते, 'तुम्ही करता नेहमी' हे ऐकून मला बरंच वाटलं. मी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी शिकले ती ऑफिसातल्या जुन्या फायली आणि एक फाटकी डिक्शनरी समोर ठेवून. अशा बाईवर दिल्लीहून येणाऱ्या साहेबांची तयारी सोपवतात म्हणजे काय, असं मनात आलं. आता ते आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

पण तुम्हाला आधी सगळं नीट सांगायला हवं.

मी मालवण किनाऱ्यावरच्या एका संस्थेत फील्ड ऑफिसर होते, देऊलकर सर तिचे प्रमुख. नाव मोठं, काम म्हणजे पायपीट. परदेशी मदत यायची, ती गावात पोचवायची, गावाचं म्हणणं वर कळवायचं. दोन हजार सालच्या आसपास आमच्या खाडीवर दोन देश मदत करत होते. नावं लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती. एक युरोपातला थंडीचा लहानसा देश, त्याच्या बोर्डाचा रंग निळा. दुसरा पूर्वेकडला, त्याचा तांबडा. गावाने बारसं करून टाकलं होतं, निळेवाले आणि तांबडेवाले.

मदत देणाऱ्या देशाला डोनर म्हणतात. डोनर आपल्या वस्तूवर आपलं नाव लावतो, त्याला म्हणतात व्हिजिबिलिटी. यात मला वावगं काही वाटलं नाही. आपल्याकडे लग्नात पातेलं द्यायचं तर त्यावर नाव घालूनच देतात ना? पण एकाच्या पातेल्यावर दुसऱ्याचं झाकण बसलं म्हणून आपल्याकडे कोणी रुसून मांडवातून उठत नाही. हे उठायचे. एवढाच फरक.

आता ती बोट. आमच्या खाडीत जुवे आहेत. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. त्यातल्या एका जुव्यावर तीसेक घरं, माड, थोडी भातशेती. पूल नाही. आजारी माणसाला अलीकडे आणायचं तर वल्ह्याची होडी. भरती असली तर पाऊण तास. सुकती असली, म्हणजे ओहोटी हो, तर काही खरं नाही, होडी चिखलात बसते. म्हणून निळेवाल्यांनी पेशंट बोट दिली. रंगाने पांढरी, तरी गावात तिचं नाव निळी बोट, फायबरची, रुंद, मधोमध स्ट्रेचर आडवं ठेवायला जागा, मागे त्यांच्याच देशातलं मशीन. मशीनने जुवा ते धक्का दहा मिनिटं.

करारात एक कलम होतं. बोटीला लागणारा प्रत्येक सुटा भाग त्याच देशातून यायला हवा. अशा मदतीला टाईड एड म्हणतात, बांधलेली मदत. देतात ते खरं, पण दोरीचं दुसरं टोक त्यांच्या कारखान्याला बांधलेलं असतं. आमच्या खाडीचं पाणी गढूळ. मशीनला थंड ठेवणारं पाणी आत ओढायला रबराचं एक छोटं चक्र असतं, ते चिखलाने दुसऱ्याच हंगामात झिजलं. हाताच्या तळव्यात मावेल एवढी वस्तू. मी फॅक्स केले. उत्तर आलं, ऑर्डर नोंदवली आहे. मग आणखी एक फॅक्स, मग आणखी एक उत्तर. त्यात पाच महिने गेले. तोवर एकदा इनासने गाडीच्या ट्यूबचं रबर कापून चक्र बनवून बसवलं. दोन फेऱ्या झाल्या आणि मशीन तापून जाम झालं ते कायमचंच.

इनास म्हणजे आमचा मेस्त्री. ख्रिस्ती, अर्धं घरदार गोव्यात, तोंडाने फटकळ आणि हाताने सोनं. त्याच सुमाराला तांबडेवाल्यांनी मच्छीमार सोसायटीला मासेमारीच्या होड्यांसाठी मशीनं दिली. त्यांचे पार्ट गोव्यात कुठेही मिळायचे. सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, एक मशीन पेशंट बोटीक लावया. ठराव नाही, सही नाही. आमच्याकडे रापण ओढतात, ते मोठं जाळं किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं असतं. त्यात जो दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा. जाळं कोणाचं हे कोणी विचारत बसत नाही. तीच सवय. वस्तू किनाऱ्यावर आली की जिथे गरज तिथे जाते, आणि रिकामी तर ती कधीच राहत नाही. ही सवय लक्षात ठेवा. तिनेच आम्हाला तारलं, आणि तिनेच...

असो. इनासने तांबडं मशीन निळ्या बोटीवर बसवलं. बोट पळायला लागली.

बोटीचा तांडेल होता बाबल. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवर शब्द त्याचा. साठीला आलेला, त्याच जुव्यावर राहणारा, कमी बोलणारा. कोणीही, कधीही हाक मारली की निघायचा. त्याची एकुलती एक मुलगी सुगंधा, कणकवलीला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण सुगंधाच्या सासूने काचकूच केली, "तुमचा घर पाण्यात. हय दवाखानो दोन पावलांर आसा." तेव्हा तिच्या घरी जाऊन सासूला समजावणारी मीच. म्हटलं, "आता बोट आसा. दहा मिनिटांत धक्को. अर्ध्या तासात मालवण. काळजी करू नको."

माझ्या शब्दावर सासूने ओटी भरून सुगंधाला पाठवली.

मग तांबडेवाल्यांचा एक अधिकारी आला. निळ्या बोटीवर आपलं मशीन बघून त्याला काय आनंद झाला! मशीनवर मोठं स्टिकर चिकटवलं, बाबलला उभं करून फोटो काढला. तो फोटो त्यांच्या पत्रिकेत छापून आला. खाली ओळ होती, अमुक देशाच्या मशीनमुळे पेशंटचे प्राण वाचतात. बोट कोणाची, त्याबद्दल अवाक्षर नाही. ती पत्रिका दिल्लीत निळेवाल्यांच्या टेबलावर जाऊन पडली, आणि मिशन निघालं. मिशन म्हणजे तपासणी. पैसे देणाऱ्याचा माणूस येतो, बघतो, अहवाल लिहितो.

आणि त्या अहवालावर काय काय अवलंबून होतं! आणखी तीन जुव्यांना तीन बोटी आणि आमच्या जुव्याला पक्का धक्का. सर त्यासाठी दोन वर्षं खपत होते. त्यांच्यावर मी सगळा दोष टाकणार नाही.

शनिवारी सकाळी मी जुव्यावर गेले. इनासला बरोबर घेतलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि हसलाच.

"एका बोटीक दोन सासरां, इंदूबाय. हयसर गेला तर थंयसर राग."

"थट्टा पुरे रे. ता जुना मशीन परत टांगूक येतला?"

"टांगूक येतला. चलाचा नाय."

"चलाक नको. दिसलां म्हणजे झाला. विचारल्यानी तर सर्व्हिसिंग चालू आसा म्हणान सांगूया."

"आणि पेशंट इलो तर?"

मी बाबलकडे बघितलं. बाबल सुगंधाच्या खिडकीकडे बघत होता. ती आतून म्हणाली, "काकी, अजून पंधरा दिवस आसत. नर्सबाय सांगान गेली." तिच्या पायांवर सूज होती, ती मी बघितली होती. नर्सने बीपी थोडं वाढलंय म्हणून सांगितलं होतं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच घेऊन या, असंही बजावून गेली होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मनात हिशेब केला. शनिवार, रविवार, सोमवार दुपार. हजार गोष्टींपैकी नेमकी हीच गोष्ट या अडीच दिवसांत कशी होईल?

"बाबल, तुमी सांगा," मी म्हणाले.

बाबलने खिडकीवरची नजर काढली. मग म्हणाला, "पावणो येतलो. तेच्या ताटात दुसऱ्याचा वाढलेला कसा दाखवतलंव? उतरवूया."

आम्ही तिघांनी मिळून मशीन उतरवलं. इनासने बोल्ट सोडले, बाबलने खालून खांदा दिला, मी दोरी धरली. जुनं, मेलेलं मशीन टांगलं. सुगंधाच्या आईने, रुक्मिणीने, ते फडक्याने पुसून चकचकीत केलं. तांबडं मशीन इनासने होडीत घालून सोसायटीत नेऊन ठेवलं.

तिथेच घोटाळा झाला. मी सोसायटीत सांगायला हवं होतं, की हे दोन दिवसांपुरतं आहे, हात लावू नका. माझ्या डोक्यात चहाचे कप, फुलांचे हार, बसायला खुर्च्या. मला वाटलं, इनास सांगेल. इनासला वाटलं, मी सांगितलं असेल. रविवारी बांगडा लागल्याची बातमी आली. सोसायटीत एक मशीन रिकामं पडलेलं दिसलं. आणि मी मघाशी म्हणाले ना, रिकामी वस्तू आमच्याकडे राहत नाही. सोमवारी पहाटे ते मशीन एका होडीला लागलं आणि समुद्रात गेलं. सगळ्याच होड्या गेल्या. असा बांगडा वर्षातून किती वेळा येतो!

सोमवारी पेशंट बोट वल्हवत अलीकडे आणली. धक्क्याला लावली. बाबल इस्त्रीचा शर्ट घालून बोटीजवळ उभा. साडेदहाला दोन जीप आल्या. सर, त्यांच्याबरोबर निळेवाल्यांचे एक खूप उंच साहेब, कडक उन्हाने तोंड लाल झालेलं. माणूस साधा. सगळ्यांशी हात मिळवले, शहाळं आवडीने प्यायले, बोटीत उतरून स्ट्रेचर उचलून बघितलं. मशीनकडे बराच वेळ बघत राहिले. सर त्यांना सांगत होते, बोटीचा जुव्याला किती उपयोग होतो ते. ते खोटं नव्हतं. हीच तर गंमत.

आता जुव्यावर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सुगंधाला सकाळपासून डोकेदुखी. आठ वाजताच ती आईला म्हणाली होती. रुक्मिणी घाबरली, म्हणाली, आबांना हाक घालते, बोट अजून सुटलेली नाही. तेव्हा सुगंधाच म्हणाली, "नको गो. आबांचो कार्यक्रम होवंदे. दुपारपर्यंत काय होता?"

आमची माणसं अशी आहेत. पाहुण्याचा कार्यक्रम मोडायचा नाही. तेवढ्यासाठी डोकं दुखत असलं तरी गप्प पडून राहायचं.

साडेअकराच्या सुमाराला खाडीतून एक डोंगी येताना दिसली. डोंगी म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. शेवंता, बाबलची शेजारीण, काठीने रेटत आणत होती. लुगड्याचा काष्टा भिजलेला, श्वास लागलेला. ती धक्क्याला लागायच्या आधीच ओरडली.

"बाबल! तुझ्या चेडवाक, सुगंधाक झटके येतत! दातखिळी बसली! डोंग्येत घालूक जमणा नाय, बोट घेवन ये!"

बाबलने दोरी सोडली. आणि मग नुसता उभा राहिला. हात मशीनवर. मला ते दृश्य अजून दिसतं.

उंच साहेबांना भाषा कळली नव्हती, पण माणसाचा चेहरा कुठल्याही देशातल्या माणसाला कळतो. ते म्हणाले, "स्टार्ट इट." सरांनी माझ्याकडे बघितलं. सर काहीतरी सर्व्हिसिंगचं बोलायला लागले.

मग मीच बोलले. माझ्या इंग्रजीत. "सर, धिस इंजिन डेड. गुड इंजिन वी रिमूव्ह. बिकॉज यू कमिंग."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी बूट काढले. मोजे काढले. बोटीत उतरले आणि एक वल्हं हातात घेतलं. ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

बाबल, इनास, साहेब वल्ह्यावर, मी मागे. सुकती जोरात लागलेली. ती फायबरची बोट वल्ह्यासाठी केलेलीच नव्हे, रुंद आणि जड. अर्ध्या वाटेत मागचा भाग चिखलाला घासायला लागला. मेलेल्या मशीनचं वजन मागे. इनासने पाना काढला, बोल्ट सोडले. साहेबांकडे बघून म्हणाला, "सायबा, तुमचा मशीन." साहेबांनी मान हलवली आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघांनी मिळून ते मशीन खाडीत टाकलं. कराराच्या कागदावर ती मोठ्या किमतीची वस्तू. बोट वर उचलली गेली.

तरी जुव्याला पोचायला आम्हाला तासाच्या वर लागला.

सुगंधा अंगणात चटईवर होती. रुक्मिणीने तिच्या दातांमध्ये कापडाची घडी धरली होती. मला बघून रुक्मिणी म्हणाली, "इंदू, तुझी बोट खंय होती गो?"

आम्ही तिला स्ट्रेचरवर घातली. येताना सुकतीच्या ओढीबरोबर आलो, त्यामानाने लवकर. बोटीत तिला आणखी एकदा झटका आला. बाबल वल्हं मारता मारता एकच बोलत होता, "इलो हा, बाय माजे, धक्को इलो." धक्क्यावर सरांनी जीप वळवून, दार उघडून तयार ठेवली होती. जीपमध्ये मी आणि रुक्मिणी मागे, सुगंधाचं डोकं माझ्या मांडीवर. मालवणच्या वेशीपर्यंत ती श्वास घेत होती. दवाखान्यात डॉक्टर दारातच आले. त्यांनी करायचं ते सगळं केलं. तासाभराने बाहेर येऊन सांगितलं. सुगंधाही नाही आणि बाळही नाही. मुलगा होता.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "डॉक्टर, सकाळी आठ वाजता आणली असती तर?"

त्यांनी हातातला केसपेपर मिटला. मग म्हणाले, "सांगता येत नाही, बाई."

हो म्हणाले असते तर मी रडले असते. नाही म्हणाले असते तर झोपले असते. 'सांगता येत नाही' याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढचं कामाचं सांगते. कारण ही कामाची गोष्ट आहे.

निळेवाल्यांचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, बोटीचं मशीन वापरादरम्यान नष्ट झालं, आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना देखभालीचं प्रशिक्षण देण्याची गरज आहे. एका ओळीत 'भेटीदरम्यान एक दुर्दैवी घटना घडली' असंही होतं. उंच साहेबांच्या हातांना फोड आलेले मी बघितले होते. ते त्या अहवालात नव्हते. पण तो अहवाल त्यांनी एकट्याने लिहिला नसणार. अहवाल कोणीच एकट्याने लिहीत नाही.

मग दोन पत्रं आली, एकाच महिन्यात. निळेवाल्यांचं पत्र, नवीन मशीन देतो, मात्र बोटीवर दुसऱ्या कोणत्याही देशाचं उपकरण नको. तांबडेवाल्यांचं पत्र, बोट आणि मशीन दोन्ही नवीन देतो, मात्र आधीची बोट तिथून हलवा. दोन्ही पत्रं मी सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सर चष्मा काढून म्हणाले, "इंदूताई, या दोघांना एकमेकांची पत्रं पाठवून द्यावी असं वाटतं." पण लिहिलं त्यांनी दोघांनाही एकच. प्रस्ताव विचाराधीन आहे.

विचार होईपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. दिल्लीत आपल्या सरकारने ठरवलं की थेट मदत मोजक्याच देशांकडून घ्यायची, बाकी लहान देशांनी चालू कामं आटोपती घ्यावी. आपला देश आता घेणारा नाही, देणारा होणार, असं पेपरात आलं. वाचून अभिमानही वाटला, का वाटू नये? निळेवाल्यांनी ऑफिस आवरलं. तीन जुव्यांच्या तीन बोटी आणि पक्का धक्का कागदावरच राहिला. मला वाटलं, आता निदान तांबडेवाले तरी मोकळ्या मनाने देतील. पण ज्याच्याशी शर्यत होती तोच उठून गेल्यावर त्यांनाही आमच्या खाडीत रस उरला नाही. त्यांचा अधिकारी बदलून गेला, नवा आलाच नाही. तेव्हा मला कळलं, आमच्या खाडीत ते दोघे आमच्याकडे बघत नव्हतेच. एकमेकांकडे बघत होते. आम्ही आपले मध्ये उभे.

आणि बोट? सुगंधाच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबल सोसायटीत गेला. कोणाशी काही न बोलता तांबडं मशीन खांद्यावर घेतलं, आणून निळ्या बोटीवर बसवलं. मग कोयती घेतली आणि बोटीवरचं नाव खरवडलं, मशीनवरचंही खरवडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती बिननावाची बोट चालली. कितीतरी बाळंतिणी त्यातून सुखरूप गेल्या, परत आल्या. प्रत्येक खेपेला तांडेल बाबलच.

मी त्याला एकदा गाठून म्हटलं होतं, "बाबल, चूक माझी. फोन माका इलेलो. मी नाय म्हणूक होया होता."

तो जाळ्याची गाठ मारत होता. वर न बघता म्हणाला, "इंदूबाय, मशीन खालसून खांद्यार मीच घेतलेलंय."

मी जाळ्याचं दुसरं टोक धरून बसले.

रुक्मिणीकडे मी वर्षभर जात राहिले. ती चहा द्यायची, मासळी बांधून द्यायची. एक दिवस पायरीवर मला थांबवून म्हणाली, "इंदू, माका तुझो राग नाय. खरांच नाय. पण तू इलंस काय माका ता पुसलेला मशीन दिसता. मीच पुसलंय ता. तू आता येव नको गो." मी गेले नाही परत. त्याच रस्त्याने जायची वेळ आली तर लांबून वळसा घालते.

रिटायर होईपर्यंत मी नव्या मुलींना ट्रेनिंग द्यायचे. फॉर्म कसे भरायचे, फोटो कसा काढायचा, बोर्ड कुठे लावायचा, सगळं रीतसर. आणि शेवटी एक गोष्ट सांगायचे, जी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. बघायला कोणीही येऊ दे, दिल्लीहून येऊ दे की समुद्रापलीकडून, जे चालू आहे ते त्याच्यासाठी बंद करायचं नाही. एक तासासाठीसुद्धा नाही.

एक मुलगी दर बॅचमध्ये हमखास विचारायची, "आणि ते रागावून निघून गेले तर, ताई?"

मी सांगायचे, "जाऊ देत. त्यांना परत जायला जीप असते."